बिल भावाच्या नावानं

रोह्याला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होमिओपॅथीचा एक दवाखाना आहे. डॉक्टर बोलघेवडे. खोकला घेऊन आलेल्या माणसाला लहानपणी कुत्र्याची भीती वाटायची का, इथपासून विचारत बसतात. पण औषध हातात पडतं ते अनसूयेच्या. गेली सव्वीस वर्षं ती तिथे साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या पुड्या बांधते आहे. चौकोनी कागद, चार घड्या, वर आकडा. हात एवढा सरावलेला की पुडी बांधता बांधता ती रोग्याला झापूही शकते.

"एक, दोन, तीन लिहून दिलं होतं ना? तुम्ही तिसरी आधी घेतलीत. मग खोकला तुमचं ऐकेल कसा?"

लोक तिला घाबरतात आणि तरी तिच्याकडेच येतात. डॉक्टरांनी काय सांगितलं ते पुन्हा तिला विचारून घेतात, कारण तिचं दोन वाक्यांत असतं.

तिची आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ यज्ञेश सहा वर्षांचा. वडील होते, पण ते असून नसल्यासारखे. शाळेतून शिकवून आले की पेपर तोंडासमोर धरायचे, तो जेवायला वाढेपर्यंत खाली यायचा नाही. पुढे तेही गेले. घराण्याची जमीन कधीच कुळांकडे गेली होती, राहिलं होतं नुसतं आडनाव. यज्ञेशला आंघोळ घालण्यापासून त्याच्या इंजिनियरिंगच्या फीपर्यंत सगळं अनसूयेनं केलं. मध्ये तिला दोन स्थळं सांगून आली. महाडच्या स्थळानं विचारलं, धाकट्या भावाची काही सोय लावता येईल का? तिनं त्या स्थळाचीच सोय लावली. चहाही पुरता पिऊ दिला नाही म्हणतात.

याचं तिला दुःख होतं असं कुणी समजू नये. दुःख करत बसायला वेळ लागतो, तो तिच्याकडे नव्हता. फक्त एक सवय तिला लागली होती. काहीही घेतलं की त्यावर भावाचं नाव घालायचं. गॅसचं कार्ड त्याच्या नावावर. दवाखान्यातून दिवाळीला कुकर मिळाला, तर भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्यानं विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?" हिनं सांगितलं, "चि. यज्ञेश घाला." तेव्हा चि. यज्ञेश बारावीत होते आणि त्यांना साधं पाणी उकळता येत नव्हतं.

तर असा हा यज्ञेश मोठा झाला, नागोठण्याजवळ एका कंपनीत लागला, पेणच्या ऋजुताशी त्याचं लग्न झालं. ऋजुता पेणला शाळेत शिकवते, म्हणून बिऱ्हाडही पेणलाच झालं. फ्लॅटच्या बुकिंगला आईच्या पाटल्या गेल्या. अनसूया रोह्याला दोन खोल्यांत एकटी राहिली आणि दर रविवारी फोनवर भावाला काय जेवलास ते विचारू लागली. लग्नाला चार वर्षं झाल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "ताई, तू आत्या होणार."

तिनं फोन ठेवला आणि शेजारी, समोर, वरच्या मजल्यावर, सगळीकडे सांगून आली. मग घरी येऊन तिनं ठरवलं. पाळणा आजोळचा असतो, तो ऋजुताचे आईवडील देतील. बाबागाडी आत्याची. आपल्याला मूल झालं नाही, होणारही नाही. पण या बाळाचं पहिलं चाकावरचं फिरणं आपल्या गाडीतून होईल, आणि चार माणसांत कुणीतरी म्हणेल, ही आत्यानं आणली. आयुष्यात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. तीही तिनं कुणाकडे मागितली नाही, मनातल्या मनातच मागितली.

ऋजुताला आठवा लागला तसा एका गुरुवारी, दवाखान्याला सुट्टी असते म्हणून, अनसूया एसटीनं पेणला गेली. वडखळपर्यंत रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. भावाकडे न जाता ती थेट बाजारात उतरली. पहिल्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "स्ट्रोलर पाहिजे की प्रॅम?" अनसूया म्हणाली, "बाबागाडी," आणि बाहेर पडली. दुसरं दुकान दत्ताभाऊंचं. बाहेर सायकली टांगलेल्या, आत पाळणे, वॉकर आणि बाबागाड्यांची दाटी. दत्ताभाऊ पंख्याखाली बसून कलिंगड खात होते.

दत्ताभाऊंनी एकामागून एक सात गाड्या काढल्या. एकीचं छत पडायचं, एकीच्या ब्रेकला पाय लावला तर चप्पल अडकायची. एक गाडी इतकी हलकी की अनसूया म्हणाली, "ही वाऱ्यानं जाईल, बाळ राहील मागे." शेवटी एक निळी आवडली. पण तिच्यात बाळाचं तोंड पुढे होतं, ढकलणाऱ्याकडे पाठ.

"ताई, आता समदी अशीच नेतात," दत्ताभाऊ म्हणाले. "पोराला जग दिसतं."

"जग बघायला आयुष्य पडलंय हो. आधी आपलं माणूस दिसू दे."

"मंग ही घ्या. हिचा दांडा उलटा व्हतो. पायजे तर तोंड हिकडं, पायजे तर तिकडं. जरा म्हाग हाय."

ती राखाडी रंगाची होती, चाकं मोठी, आत जाड गादी. अनसूयेला मनापासून आवडली, पण तिनं चेहरा कोरा ठेवला. मग विचारलं, "बाळ जन्मतं तेव्हा केवढं असतं? तीन किलो धरा." ती शेजारच्या दुकानात गेली, डॉक्टरीणबाईंनी पेणचे पोहे सांगितले होतेच, ती तीन किलोची पिशवी घेऊन आली. स्वतःच्या रुमालात गुंडाळून पिशवी गाडीत निजवली, पट्टा लावला, आणि दत्ताभाऊ बघत राहिले तोवर गाडी घेऊन रस्त्यावर.

भर बाजारातून अनसूया पोहे फिरवत निघाली. खड्डा आला, गाडीनं झेलला. कच्च्या गणपतींचा एक टेम्पो तोंड वळवत होता, तिथे तिनं ब्रेक लावून पाहिला. चटकन लागला. भाजीवाली म्हणाली, "ऊन लागतंय गो बाळाला." एका रिक्षावाल्यानं वाकून आत पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "नाव काय ठेवलं, ताई?"

"जाडे पोहे," अनसूया म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की तिला गाडी धरून उभं राहावं लागलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती परत आली. येताना तिनं दांडा फिरवला आणि पोह्यांचं तोंड आपल्याकडे केलं.

"द्या ही," ती म्हणाली. "पण आज नेणार नाही. बाळ यायच्या आधी घरात काही आणत नाहीत आमच्यात."

"आमच्यात पन नाय आणत. माळ्यावर ठेवतो खोक्यात. बाळ झालं का उचला."

पैसे तिनं पाकिटातून काढून दिले. ते दोन दाढा बसवण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. दाढा थांबू शकतात, बाळ थांबत नाही, असा तिचा हिशेब. दत्ताभाऊंनी बिलबुक उघडलं. "नाव काय टाकू, ताई? तुमचं?"

"नाही, नाही. भावाचं लिहा, यज्ञेश."

"आता हो! पैसं तुमी देताय न् नाव भावाचं?"

"न्यायला तोच येणार. शिवाय बाळाच्या बापाचं नाव असलेलं बरं. माझं नाव घालून मी काय लोणचं घालू?"

दत्ताभाऊंनी खांदे उडवले आणि लिहिलं. बिल भावाच्या हवाली करायचं म्हणून ते तिनं गाडीच्या खोक्यातच ठेवायला लावलं.

रविवारी फोनवर तिनं यज्ञेशला सगळं सांगितलं. राखाडी गाडी, उलटा होणारा दांडा, आणि पोहे. पोह्यांपाशी तिला पुन्हा हसू आवरेना. तोही हसला. "तू पण ना ताई," म्हणाला. "भर बाजारात?"

"भर बाजारात. बाळ झालं की दत्ताभाऊंकडे जा. तुझ्याच नावावर आहे."

बाळ झालं, मुलगी झाली. चौथ्या दिवशी यज्ञेशचा मेसेज आला, 'गाडी आणली', आणि खाली फोटो. अनसूयेनं तो फोटो डॉक्टरांना दाखवला, डॉक्टरीणबाईंना दाखवला, आणि त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना सर्दी झाली होती त्या सगळ्यांना दाखवला.

बारसं बाराव्या दिवशी, पेणला ऋजुताच्या माहेरी. तिचे वडील रघुनाथ सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, माणूस दिलदार, आवाज प्रार्थनेच्या मैदानावरचा. त्यांच्या घरच्या हॉलमध्ये तीसएक माणसं जमली होती. अनसूया आत आली आणि पहिल्यांदा तिला गाडी दिसली. खिडकीपाशी उभी केलेली, दांड्याला अबोलीचा गजरा. तिला वाटलं, कुणीतरी आठवणीनं सजवलीय. ऊर भरून आला.

"या, या, अनसूयाताई!" रघुनाथ सरांनी तिला हाताला धरून गाडीपाशीच नेलं. "बघा तुमच्या भावाचा पराक्रम! दोन महिने ओव्हरटाइम केला आमच्या जावयानं आणि ही घेतली. कुणाकडून एक पैसा नाही! आणि घेतली कशी, ते ऐकलंत का? तीन किलो पोहे घातले आत, आणि भर बाजारातून चालवून बघितली! लोक विचारतात, नाव काय बाळाचं? तर हा म्हणतो, जाडे पोहे!"

भोवतीची माणसं हसली. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली असावी, कारण ती योग्य जागी हसली. अनसूयेनं यज्ञेशला शोधलं. तो पाळण्यापाशी उभा होता आणि मोबाईलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी बघत होता.

गाडी घेतली ते एक वेळ समजलं असतं. पण त्यानं पोहेसुद्धा घेतले होते. ती रस्त्यात दांडा धरून हसली होती, तेही त्यानं उचलून नेलं होतं आणि स्वतःच्या अंगावर चढवलं होतं. तिच्या तोंडचं उत्तर तीस माणसांना पाठ होतं, आणि ते तिचं नव्हतं.

तेवढ्यात ऋजुताची आई भेटवस्तू मांडत होती ती म्हणाली, "आत्याबाईंचं काय? आणा, पुढे ठेवू." अनसूयेनं पिशवीतून झबलं आणि टोपडं काढलं. जुन्या मऊ साडीचं, हातानं शिवलेलं. गाडी आहेच, त्याच्याबरोबर सहज म्हणून आणलेलं. "अय्या, घरी शिवलंत? छान आहे," ऋजुताची आई म्हणाली, आणि चांदीच्या वाळ्यांच्या शेजारी तिनं ते अशा हलक्या हातानं ठेवलं की त्या हातातला समजूतदारपणा अनसूयेला झोंबला. बिचारीची परिस्थिती नसेल, असं त्या बाईच्या मनात आलं होतं. ते तोंडावर दिसत होतं. ऋजुता पाटावरून तिच्याकडे बघून हसली, अगदी निर्मळ. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या मागे वॉशिंग मशीन ठेवलेली बाल्कनी होती. अनसूयेनं यज्ञेशला तिकडे बोलावलं. तो आला, लहानपणी मार्क लपवून यायचा तसा, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"पोहे कुणी फिरवले रे, यज्ञू?"

"ताई, हळू बोल."

"हळूच बोलतेय. कुणी फिरवले?"

"सरांनी विचारलं, गाडी कुणी घेतली. तोंडातून निघून गेलं, मी. मग ते विचारायलाच लागले, कुठून, कशी, पारखली कशी. मला काय माहीत होतं? तू सांगितलेलं आठवत होतं, ते सांगितलं."

"आणि ओव्हरटाइम?"

तो एकदम उसळून म्हणाला, "साखरपुड्यात सर सगळ्यांसमोर काय म्हणाले होते, आठवतं? आमचे जावई म्हणजे अनसूयाताईंनी हातानं घडवलेली वस्तू. सगळे हसले. तूही हसलीस."

"अरे, कौतुक होतं ते."

"तुझं!" यज्ञेश म्हणाला. "कौतुक तुझं होतं. माझं कधी काही असतंच कुठे? फी तुझी, फ्लॅट तुझा, घरातला कुकरसुद्धा तुझा. एक बाळ माझं आहे. तिची गाडी माझी म्हटली तर तुझं काय गेलं?"

"मग घ्यायची होतीस तुझ्या पैशानं."

"तुझं काय गेलं, ताई?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि मग खालच्या आवाजात, "सरांना मी बिल दाखवलंय. बिल माझ्याच नावावर आहे."

अनसूयेला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. सहा वर्षांचा असता तर दिलीही असती आणि अर्ध्या तासानं शिरा करून घातला असता. पण समोर पस्तीस वर्षांचा दाढीवाला बाप उभा होता, आणि तो खोटं बोलताना सापडला म्हणून शरमला नव्हता. बहिणीनं वाढवलं म्हणून शरमला होता. एकोणतीस वर्षं ती ज्याला माया समजत होती, ते याच्या डोक्यावर ओझं होतं, आणि हे त्यानं तिला कधीही सांगितलं नव्हतं. दर रविवारी 'हो ताई, जेवलो ताई' म्हणत फसवत राहिला होता. तिचं मन विटलं. आत जाऊन तीस माणसांत खरं सांगावं, असं एकदा वाटलं. पण कुणाला दाखवणार काय? तिनं आपलं नाव कुठे ठेवलंच नव्हतं.

"आत्याबाई कुठायत?" आतून हाक आली. "मुहूर्त टळेल!"

ती गेली. पाळणा फुलांनी सजवला होता. बायकांनी गोपाळ, गोविंद म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं आणि आत निजवलं. आता आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, आणि ती वाकलेली असताना भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. रीतच आहे ती. पेण-रोह्यात तर हात राखून घालत नाहीत.

अनसूया वाकली. बाळ जागं होतं. डोळे अजून कशावर ठरत नव्हते, तरी तोंड तिच्याकडे होतं. तिनं ओठ त्या एवढ्याशा कानाला लावले. "कुर्रर्र... मृण्मयी." सांगितलेलं नाव तिनं नीट सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून निघालं, "तुझी गाडी मी आणलीय गं. मी आणलीय." आणि धपाटे पडायला लागले.

दहा-बारा हात होते. हसणं, बांगड्या, गलका. त्या गलक्यात अनसूयेच्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना. ऋजुताची आई ओरडली, "अगं बायांनो, हळू! लागलं त्यांना. बघा, पाणी आलं डोळ्यांत." बायकांनी हात आवरले. कुणीतरी तिची पाठ चोळली.

रघुनाथ सर रंगात आले होते. "जावईबापू, तुम्ही का मागे? लहानपणी खाल्लेत ना यांच्या हातचे? आज संधी आहे, घाला एक!" लोकांनी यज्ञेशला पुढे ढकललं. तो कसनुसं हसत आला आणि सगळे बघतायत म्हणून त्यानं हात उचलला.

अनसूया सरळ उभी राहिली. पदरानं तोंड पुसून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"तू राहू दे, यज्ञू," ती म्हणाली. "तुझा मघाशीच बसला."

सगळा हॉल हसला. रघुनाथ सरांनी तर शेजारच्याला टाळी दिली. एकटा यज्ञेश हसला नाही, आणि उगारलेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.